साळुंकीची पाठवणी

गुरुशांतप्पाच्या अडतीवरच्या काट्यानं पांडुरंगराव मास्तरांना सलग सहाव्यांदा नापास केलं.

"बावन्न आठशे!" गुरुशांतप्पानं आकडा मोठ्यानं वाचला. सोयाबीनच्या कट्ट्याचं वजनही तो असंच अख्ख्या अडतीला ऐकू जाईल असं वाचायचा. मास्तरांसाठी त्यानं वेगळा आवाज ठेवला नव्हता. "मास्तर, सोमवारी त्रेपन्न नऊशे भरला होतासा. घट आली की ओ! उन्हात वाळत बसलासा की काय?"

"आज एकादशी आहे, गुरुशांतप्पा."

"मंग द्वादशी सोडून दोन दिवसांनी उडा की. कोण नगं म्हनायलंय?"

"परवानगी उद्याचीच आहे. सकाळी अकरापर्यंत. परवा तर हैदराबादचा ट्रक यायलाय तिला न्यायला."

ती म्हणजे साळुंकी. साळुंकी हे एका लाकडी ग्लायडरचं नाव. इंजिन नाही, पंखा नाही. देवदाराच्या पट्ट्या, पातळ प्लायवूड आणि वर ताणून बसवलेलं कापड. पुढं एक माणूस, त्याच्या मागं एक, आणि दोघांच्या वर पतंगासारखे लांब पंख. दोरीनं ओढून वर सोडायचं आणि मग वाऱ्याच्या भरवशावर खाली यायचं. पंचेचाळीस वर्षांमागं हैदराबादकडच्या एका क्लबात ती रोज उडायची, आणि तिथं बावीस वर्षांचे पांडुरंगराव सुतार-मेकॅनिक होते. दुधापासून केलेल्या सरसानं तिचे सांधे त्यांनीच जोडले होते. ती निघताना एक पंख जमिनीला टेकू नये म्हणून त्याचं टोक धरून दहा-वीस पावलं पळावं लागतं. अकरा वर्षं ते टोक धरून तेच पळाले. पण एकदाही तिच्यात बसले नाहीत.

कारण सोपं होतं. पुढच्या आसनासमोर पितळेची पट्टी ठोकलेली होती, तिच्यावर कोरलं होतं, पुढं बसणारा किमान पंचावन्न किलो असावा. त्याहून हलका बसला तर शेपूट जड होतं, नाक वर होतं आणि ग्लायडर गडबडतं. हलक्या माणसासाठी आसनाखाली शिशाच्या वजनाची एक पेटी असायची, पण तिच्यातलं शिसं कधीच कुणीतरी वितळवून टाकलं होतं. "पांडू, शिसं आलं की तू पहिला," असं शिकवणारे साहेब दर दिवाळीला म्हणायचे. शिसं आलं नाही. क्लब बंद पडला. पांडुरंगराव कमलनगरला शाळेत सुतारकामाचे मास्तर झाले, निवृत्त झाले, आणि त्यांचं वजन मात्र जिथल्या तिथं राहिलं.

तीन वर्षांमागं एका गोदामात साळुंकी उंदरांनी कुरतडलेली सापडली. दुरुस्त करा, एकदा उडवा, मग संग्रहालयाला द्या, अशा बोलीवर ती मास्तरांच्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आली.

"सवत आणलीसा की म्हातारपणी," सरस्वतीबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. पण त्याच बाईंनी पुढं आपल्या शिलाई मशीनवर पंखांचं चौदा वार कापड शिवलं. वास सहन होत नसताना त्यावर कापड ताठ करणारं लुकण चढवलं. दोन मुलगे, एक पुण्याला, एक बेंगळूरला, मुलगी नव्हती. दुसऱ्या वर्षापासून सवतीची 'पोरगी' कधी झाली ते त्यांनाही कळलं नाही. "पोरीवर धूळ बसायलीय, दार लावा," असं त्या सहज म्हणून जायच्या.

उडवायला श्रीवत्स आला होता. हा मास्तरांचाच विद्यार्थी. त्यांच्या तासाला बनवलेल्या चौरंगाचे तीन पाय वेगवेगळ्या लांबीचे निघाले म्हणून मार खाल्लेला. आता तो बेंगळूरकडं ग्लायडर शिकवत होता. मागच्या आसनावर तो बसणार, पुढच्यावर मास्तर. मात्र एका अटीवर.

"सर, तुमच्या तासाला एक सूत चुकलं तर तुम्ही लाकूड फेकून द्यायचा," तो म्हणाला. "आता माझा तास आहे. उडायच्या आदल्या संध्याकाळी सहाला मी स्वतः काट्यावर बघणार. पंचावन्नला एक ग्रॅम कमी, तर पुढं मी गव्हाचं पोतं बसवीन, पण तुम्हाला नाही."

महिनाभर सरस्वतीबाईंनी तूप ओतलं. शेंगदाण्याची पोळी, उडदाचे लाडू, धपाट्यावर लोण्याचा गोळा. गल्लीनंही हातभार लावला. कुणाकडं पुरण शिजलं की पहिलं ताट मास्तरांकडं. मास्तर खात होते आणि गुरुशांतप्पा वाचत होता. त्रेपन्न. त्रेपन्न पाचशे. त्रेपन्न नऊशे. आणि मग आली एकादशी.

"आज एक दिवस खा," सरस्वतीबाई म्हणाल्या. "देव काही काटा घेऊन बसलेला न्हाई."

"श्रीवत्स बसलेला आहे ना. पण एकादशी मोडून वर गेलो, तर तिथं कुणाला तोंड दाखवू? वरच जायलोय ना?"

सरस्वतीबाईंनी लाडवांचा डबा परत फळीवर ठेवला.

पाच वाजता मास्तर अडतीवरून परतताना विठ्ठलाच्या देवळात टेकले. सातला अण्णाराव बुवांचं एकादशीचं कीर्तन होतं. सभामंडपात मृदंग, वीणा आणि टाळांची पेटी आणून ठेवलेली. मास्तर त्या मंडळींतले पहिले टाळकरी. त्यांनी सवयीनं पेटी उघडली, एक टाळ हातात घेतला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. जाड पितळ. जुन्या ओतकामाचं. जोडी पाऊण किलोच्या वर भरली असती.

माणूस एकदम पाप करत नाही. आधी हिशेब करतो. मास्तरांनी केला. पेटीतल्या तिन्ही जोड्या म्हणजे सव्वादोन किलोच्या वर. कमरेला बांधून मी बसलो तर पंचावन्न भरणारच, म्हणजे साळुंकीला मी फसवत नाही. देवाचं पितळ देवाच्याच आभाळात जाऊन परत येणार, म्हणजे देवालाही फसवत नाही. राहिला श्रीवत्स. त्यानं चौरंग वाकडा केलाच होता.

सहा वाजता श्रीवत्ससमोर काट्यावर आकडा आला, पंचावन्न दोनशे.

गुरुशांतप्पानं डोळे चोळले. "मास्तर, तासात अडीच किलो? उपासाला काय खाल्लासा ओ?"

"साबुदाणा," मास्तर म्हणाले. आयुष्यात त्यांनी उपासाला साबुदाणा खाल्ला नव्हता. हे दुसरं पाप.

सातला कीर्तन उभं राहिलं आणि टाळांची पेटी रिकामी निघाली. देवळात एकच गोंधळ. "टाळ कुणी नेले? टाळ कोण चोरतंय?" शेवटी बुवा हसले. म्हणाले, "देवानं हात दिलेत की. वाजवा टाळ्या." सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. एकटे मास्तर खांबाला टेकून पुतळ्यासारखे बसले होते. अंगावर उन्हाळी सदरा, त्यावर कोट, कोटावर शाल. हलले की पोटातून किणकिण यायची.

"मास्तर, टाळ्या?" शेजारच्यानं कोपर मारलं.

"हात दुखायलेत."

बुवांनी त्या दिवशी नेमकं हेच निरूपण धरलं. "गड्यांनो, देवाच्या दारात जड माणसाचं काम न्हाई. हलकं व्हा! माणूस काय काय बांधून फिरतोय कमरेला! सोडा ते. सोडलं की तो उचलतोय, फुलागत उचलतोय!" मंडप डोलला. मास्तरांच्या कपाळावर मार्गशीर्षात घाम आला. किती ऐकलं होतं हे कीर्तन त्यांनी जन्मभर, आणि किती सोपं वाटलं होतं.

सकाळी आठला स्टेशनमागच्या माळावर साळुंकी उभी राहिली तेव्हा अर्धं कमलनगर तिथं होतं. सोयाबीन निघालेलं, लांबच लांब सपाट रान. तीनशे मीटर दोरी, आणि दोरीच्या पुढच्या टोकाला श्रीशैलची जीप. ही जीप एरवी कमलनगर ते औराद माणसं वाहायची. श्रीवत्सनं त्याला चार दिवस शिकवलं होतं. सरळ जायचं, वेग धरायचा, मी दोरी सोडेपर्यंत काही झालं तरी थांबायचं नाही.

"न्हाई थांबत, साहेब," श्रीशैलनं छातीवर हात ठेवला. "माझा बा आडवा आला तरी न्हाई थांबत."

श्रीवत्सनं ग्लायडर नाकापासून शेपटापर्यंत तपासलं आणि दोरीची गाठ बघायला तिकडच्या टोकाला गेला. तेवढ्यात सात बायका आरतीची ताटं घेऊन आल्या. सगळ्यांत पुढं सरस्वतीबाई. ओवाळणं झालं. मास्तर पुढच्या आसनावर जपून, न हलता बसले. श्रीवत्स मागं बसला. जीप निघाली, दोरी ताणली, साळुंकी गडगडत पुढं सरकली. मास्तरांनी डोळे मिटले. पंचेचाळीस वर्षं!

आणि जीप कचकन थांबली.

श्रीवत्सनं दोरी सोडून ग्लायडर कसंबसं थोपवलं. "श्रीशैल! काय झालं?"

श्रीशैल खाली उतरून डोकं खाजवत होता. जीपसमोर बांधावर बाणूबाई धनगरीण हात वर करून उभी होती.

"साहेब, तिनं हात केला."

"मग?"

"मंग थांबलो. पॅसेंजरनं हात केला की पाय आपोआपच जातोय ओ ब्रेकवर. वीस वर्सं झालीत."

"अरं मुडद्या, मी कुटं पॅसेंजर?" बाणूबाई तिथनं ओरडली. "म्या मास्तरला आशीर्वाद द्यायले होते!"

माळ हसला. श्रीवत्स हसला नाही. ग्लायडर मागं न्यायला त्यानं शेपूट उचललं आणि तो तसाच वाकलेला राहिला. पुन्हा उचलून बघितलं.

"सर, शेपूट जड झालंय. सकाळी इतकं नव्हतं." त्यानं गुरुशांतप्पाकडं बघितलं, तो कौतुकानं अडतीचा काटाच टेम्पोत घालून घेऊन आला होता. शेपूट काट्यावर ठेवलं. "साडेपाच किलो जास्त! आम्ही वर गेलो असतो तर नाक आभाळात आणि... श्रीशैल, तुझ्या ब्रेकनं आज दोन माणसं वाचवली."

श्रीशैलनं छाती फुगवून बाणूबाईकडं बघितलं.

शेपटाजवळ तारा तपासायला ताटलीएवढं झाकण होतं. श्रीवत्सनं ते उघडून हात घातला. आतून एक नारळ निघाला. मग खणाची एक पुरचुंडी, तिच्यात गहू. हळकुंड. सुपारी. दुसरा नारळ. तिसरी पुरचुंडी.

"हे काय आहे?" त्याचा आवाज चिरकला.

मग सरस्वतीबाई पुढं झाल्या. "ओटी."

"कुणाची?"

"पोरीची. उद्या सासरी जायलीय ती. ओटी न भरता कशी धाडायची? सातजणींनी भरली. बियाण्याच्या डब्यातला गहू घातलाय मी, किडका न्हाई घातला."

"काकू, ही शेपटी आहे! हे नारळ आत गडगडून तारेत अडकले असते!"

"मला काय ठावं? पोरीला पदर कुठं असतोय ते मशीनवर शिवताना दिसलं न्हाई. झाकण दिसलं, तिथं भरली."

"सरस्वती," मास्तर आसनातून कळवळले, "विचारायचंस तरी मला!" आणि मागं वळले.

किणण्ण.

लांबून अण्णाराव बुवा हळूहळू चालत जवळ आले. चाळीस वर्षं ज्याच्या तालावर उभे राहिले तो आवाज त्यांनी ओळखला नसता तरच नवल.

"मास्तर," बुवा म्हणाले, "कमरेला काय बांधलंय?"

मास्तरांनी खाली मान घालून शाल काढली, कोट काढला, उपरणं सोडलं. तीन जोड्या टाळ बुवांच्या हातात ठेवले. काट्यावर उभं असताना नाही, लोकांत बसल्यावरही नाही. वजन त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं.

"सर!" श्रीवत्सचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्ही? एक सूत चुकलं तर लाकूड फेकणारे?"

"फेक मला," मास्तर म्हणाले. "आयुष्यभर तिच्याबरोबर पळालो रे श्रीवत्सा. एकदा बसावं वाटलं. उतरतो मी. तू पोतं बसव." आणि त्यांनी पाय बाहेर काढला.

साडेनऊ झाले होते. श्रीवत्सनं दुसरीकडं बघितलं. मग पुरचुंड्या गोळा करू लागला. "हे आधी बाहेर काढू द्या."

"काढलेली ओटी परत घरी न्हाई नेत," सरस्वतीबाई आडव्या झाल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "लेकीच्या पदरात घातलेलं परत घेतेत का? अपशकुन करायलास व्हय रं?"

"काकू, शेपटीत हे राहिलं तर मी उडणार नाही."

"आन काढलं तर मी पोरीला उद्या ट्रकात चढू देणार न्हाई!"

दोघांनी बुवांकडं बघितलं. बुवांनी टाळाची एक जोडी हातात घेऊन हलकेच वाजवून पाहिली, जणू निरूपणाला उभे राहत होते.

"वहिनी, ओटी कुठं भरतेत?"

"पदरात."

"पदर पुढं असतोय का पाठीमागं?"

सरस्वतीबाईंचा हात आपल्या पदराकडं गेला.

"पोरीची ओटी तुम्ही पाठीवर भरलीसा. चूक झाली, मोडायची न्हाई. नीट जागी भरायची. साहेब, ह्या पोरीला पोटाशी, पुढच्या अंगाला काही जागा हाय का, ओटी मावेल अशी?"

श्रीवत्स बोलायला गेला आणि थबकला. त्याची नजर पुढच्या आसनाखालच्या रिकाम्या पेटीवर गेली. शिशाची पेटी. पंचेचाळीस वर्षं रिकामी.

"गुरुशांतप्पा," तो हळूच म्हणाला, "सरांना काट्यावर घ्या. एकट्याला. सदरा वर करून."

"बावन्न सातशे!"

"आता या पुरचुंड्यांतला गहू."

"दोन किलो साडेपाचशे!"

माळावर सगळ्यांनी बोटांवर बेरीज केली आणि सगळ्यांची एकदमच झाली. नारळ फोडून वाटले. सात खण, सातांचा गहू, हळकुंडं, सुपाऱ्या. श्रीवत्सनं हात लावला नाही; सरस्वतीबाईंनीच एकेक पुरचुंडी पेटीत घट्ट बसवली, श्रीवत्सनं फक्त झाकणाचे चारी बोल्ट आवळले. ओटीवर मास्तर बसले.

"बघा बघा," बाणूबाई म्हणाली, "ओटी पोरीची भरली, अन् मांडून बसलाय मास्तर! सासरी ह्योच चाललाय!"

मास्तर लाजले. खरंच लाजले.

पंखाचं टोक धरायला माणूस हवा होता. जो धरायचा तो आज आत बसलेला. तीन-चार तरुण पुढं आले तेवढ्यात सरस्वतीबाईंनी पदर खोचला. "सरका. लग्न झाल्या झाल्या क्लबाच्या भिंतीवर बसून रोज ह्यांना पळताना बघितलंय मी. उजवा हात सपाट, पकडायचं न्हाई, नुसतं टेकवायचं. बरोबर?"

"बरोबर," मास्तर म्हणाले. त्यांना ती भिंत आठवली. तिच्यावर हिरवं पातळ नेसलेली, डबा घेऊन आलेली एक मुलगी आठवली. ती बघत होती हे त्यांना आज कळलं.

बाणूबाईचे दोन्ही हात श्रीशैलनं स्वतः तिच्या पाठीमागं बांधायला लावले, आणि जीप निघाली. सरस्वतीबाई पळाल्या. एक, दोन, दहा पावलं, बारा. मग पंखानं त्यांचा हात सोडला.

वर काहीच आवाज नव्हता. नुसता कापडावरून सरकणारा वारा, आणि उन्हानं तापलेल्या लाकडातून येणारा सरसाचा तोच जुना वास. खाली देवळाचा कळस, स्टेशनचे रूळ, हरभऱ्याच्या हिरव्या पट्ट्या. श्रीवत्स मागून म्हणाला, "सर, दांडी धरा. हळू." मास्तरांनी धरली. डाव्या हाताची बोटं आपोआप प्लायवूडवर ठेका धरू लागली. टाळ नव्हते; चालून गेलं.

चार मिनिटं वीस सेकंद. खाली टेकल्यावर मास्तर उतरले आणि बुवांच्या पाया पडले. "बुवा, तुम्ही म्हणत होता, हलकं व्हा. हिच्या पट्टीवर लिहिलंय, जड व्हा. खरं काय?"

"दोन्ही," बुवा म्हणाले. "आपलं उतरवायचं आन दुसऱ्यानं प्रेमानं घातलेलं घेऊन बसायचं. आता चला, टाळ तुम्हीच धुऊन ठेवायचे."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. पेटी उघडायला सरस्वतीबाईंनी साफ नकार दिला. "सासरी गेल्यावर बघतील ते." संग्रहालयाचा माणूस रविकुमार मोठा गरीब स्वभावाचा. त्याला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, नवी जागा हाय. पोरीला मानवावी म्हणून रोज सकाळी नाकावरच्या त्या हवेच्या भोकांतून, आतल्या पेटीत उतरेल असं, वाटीभर पाणी सोडत जावा. पंधरा दिवस. आमच्यात रीत हाय."

"अक्का, आमच्यात पण असतंय असलं काहीतरी," रविकुमारनं कानडी वळणानं मान डोलावली.

शेड रिकामी झाली. मास्तर दोन दिवस अंगणात खुर्ची टाकून नुसते त्या पत्र्यांकडं बघत बसले.

अठराव्या दिवशी फोन वाजला. सरस्वतीबाईंनी घेतला.

"अक्का, मी रविकुमार. कसं सांगू? तुमच्या ग्लायडरला कोंब फुटलेत. नाकातून हिरवी पाती बाहेर आलीत, वीतभर. साहेब ओरडायलेत. पेटीच्या बोल्टाला हात लावू का?"

"काही हात लावायचा न्हाई!" सरस्वतीबाई एकदम खुर्चीवरून उठल्या. "भरल्या अंगाच्या पोरीला हात लावायलास व्हय रं? ओटी फळली तिची. आता नीट ऐक. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. तुमच्या संग्रहालयात काय चाल हाय मला ठावं न्हाई, आमच्यात हीच हाय. तुझ्या साहेबाला सांग, ट्रक करून पोरीला धाडून दे. पेटी इथंच उघडायची, ह्यांच्याच हातानं. आन हो, बाळंतपण कधी लवकर आटपत न्हाई."

फोन ठेवून त्या वळल्या. दारात मास्तर उभे होते. सगळं ऐकलेलं. चेहऱ्याचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून ते कोपऱ्यातला खराटा घेऊन शेडकडं निघाले.

"खराटा कशाला घेतलासा?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "शेड मी कधीच झाडून ठेवलीय. ज्या दिवशी ट्रक गेला त्याच दिवशी."